पडदा काळा, पंखा चालू: देवगडजवळच्या आंबा पेढीवरचा न निजणारा संगणक

तक्रार एका वाक्यात सांगितली गेली: "कॉम्प्युटर आपसूक निजणाच नाय, रातभर पंखो घुमता." देवगड तालुक्यातली ही आंबा पेढी. घराच्या ओटीला लागून ऑफिसची खोली, मागे पॅकिंगची शेड, शेडच्या कोपऱ्यात आढीची खोली. ऑफिसात असेंबल केलेला डेस्कटॉप: आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. त्याच्यावर हिशेब आणि बिलं होतात. ‘हापूस’ नावाचं एक शेअर फोल्डरही त्यातच आहे. शेडमधला लॅपटॉप ते झेड ड्राइव्ह म्हणून उघडतो आणि पेट्यांची नोंद त्यात करतो.

रात्रभर संगणक चालू राहिला तर एवढं काय बिघडतं, असं शहरातला माणूस विचारेल. इथलं गणित वेगळं आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कित्येक घरांनी इन्व्हर्टर घेतले, तसा या घरानेही घेतला. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. नुसता चालू ठेवलेला असा डेस्कटॉप मॉनिटर बंद असतानाही साधारण ४० वॅट खातो. रात्री आठ ते सकाळी दहा, १४ तासांचे ५६० वॅट-तास झाले. लांबलेल्या रात्री बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा कोणी न वापरलेल्या मशीनने गिळला, इन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती वीज वेगळीच. स्लीपमध्ये हेच मशीन दोन-तीन वॅटवर येतं. पावसाळ्यात लाईट रात्री गेली की पहाटे इन्व्हर्टर माना टाकायचा, मग ऑफिसचा छोटा यूपीएस पीं-पीं करत आपली बॅटरी संपवायचा आणि उघड्या फाइलींसकट मशीन धाडकन बंद पडायचं. मूळ दुखणं हे होतं. पंख्याचा आवाज तेवढा कानाला जाणवला.

आधी एक दुभाजन

सेटिंग्जमध्ये आकडे बरोबर होते: स्क्रीन १० मिनिटांनी, स्लीप ३० मिनिटांनी. बहुतेक जण इथेच अडकतात. आकडे बदलतात, प्लॅन बदलतात, शेवटी विंडोज नव्याने टाकतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारले की अर्धं काम होतं.

पहिला: स्टार्ट मेनूतून हाताने स्लीप दिला तर मशीन झोपतं का आणि नीट उठतं का? इथे दोन्ही होत होतं, म्हणजे मदरबोर्ड, ग्राफिक्स ड्रायव्हर, रॅम सगळं निर्दोष. स्लीपचा पर्यायच दिसत नसता, तर आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर बघावा लागला असता. मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर चालू असला की विंडोज स्लीप देतच नाही. ‘पॉवरसीएफजी स्लॅश ए’ ही कमांड कोणत्या झोपा उपलब्ध आहेत आणि बाकीच्या का नाहीत, हे कारणासकट सांगते. इथे तिने एस-थ्री (साधी झोप, काम रॅममध्ये), हायबर्नेट (काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद) आणि हायब्रिड स्लीप (दोन्हींची जोड) दाखवलं. हाताने दिलेला स्लीप कोणाचंही ऐकून घेत नाही, आपोआप येणारा स्लीप मात्र सगळ्यांची परवानगी मागतो. म्हणूनच हाताने झोपणारं मशीन आपणहून झोपत नसेल, तर कोणीतरी परवानगी अडवून धरलेली असते.

दुसरा प्रश्न: ठरलेल्या वेळी पडदा तरी काळा होतो का? होत नसेल तर संशय माऊस, कीबोर्ड, गेमपॅड किंवा पडदा चालू ठेवायला सांगणाऱ्या प्रोग्रामवर. पडदा काळा होतो पण पंखा चालूच राहतो, असं असेल तर कोणीतरी आतून मशीन धरून ठेवलंय. चाचणीसाठी स्क्रीन १ मिनिट आणि स्लीप ३ मिनिटं ठेवावं, अर्धा-अर्धा तास बसून राहायची गरज नाही. काम झालं की आकडे परत पूर्ववत करायला विसरू नये.

गंमत अशी की इथे उत्तर दोन्ही आलं. दुपारी जेवणाच्या वेळी पडदा काळाच होत नव्हता. रात्री काळा व्हायचा, पण मशीन जागं.

दुपारचा गुन्हेगार टेबलावर होता

ऑफिसच्या टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडरचं पान, भावाचा कागद आणि गणपतीचा फोटो. त्या काचेवर ऑप्टिकल माऊस. असा माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून हालचाल ओळखतो. काचेवर त्याला धड काही दिसत नाही, आणि कोणी हात न लावताही तो एखाद-दुसऱ्या बिंदूने सरकल्याचं कळवतो. पडद्यावरचा बाण नीट निरखला तर कळतं: थरथरल्यासारखा एक कण इकडे, एक कण तिकडे. विंडोजच्या लेखी हा माणूसच. प्रत्येक थरथरीला घड्याळ पुन्हा शून्यावर.

तपासण्यासाठी माऊस उलटा ठेवू नका. वरच्या ट्यूबचा उजेड आणि फिरणाऱ्या पंख्याची सावली तो तशीही टिपू शकतो. सरळ केबल काढा. केबल काढल्यावर मिनिटभरात पडदा काळा झाला, निकाल लागला. उपाय म्हणून पेटीच्या पुठ्ठ्याचा वीतभर तुकडा काचेवर चिकटवला गेला. पॅड विकत आणायला कोणी गेलं नाही आणि गरजही नव्हती.

माऊस काढूनही पडदा काळा झाला नसता तर पुढचा नंबर कीबोर्डचा. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये मेम्ब्रेन कीबोर्डच्या आत दमट हवा शिरते आणि एखादी कळ न दाबताच दाबल्यासारखी वागते. समुद्राची हवा यूएसबीच्या खाचांतल्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थरही चढवते, कॅबिनेटच्या पुढच्या खाचांत जास्त. मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ते निघतं.

एक बारकी गोष्ट जाता जाता. यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडलेली होती. तशी जोडली की विंडोजला ती बॅटरी वाटते आणि लॅपटॉपसारखे दोन रकाने दिसू लागतात: ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’. इथे प्लग्ड इनमध्ये ३० मिनिटं आणि ऑन बॅटरीमध्ये चक्क ‘नेव्हर’. म्हणजे यूपीएसचा जीव जात असताना, जेव्हा झोपायलाच हवं, तेव्हा झोप बंद. तिथे ५ मिनिटं टाकली.

रात्री कोण जागवतं?

हा या प्रकरणाचा गाभा. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा, नाहीतर कमांड परवानगी नाही म्हणून परत पाठवते. कमांड अशी: पॉवर, त्याला चिकटून सी-एफ-जी, एक स्पेस, तिरपी रेघ आणि रिक्वेस्ट्स. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं. उत्तरात डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन असे मथळे येतात आणि प्रत्येकाखाली झोप अडवणाऱ्याचं नाव. कोणीच नसेल तर ‘नन’.

दिवसा चालवली तेव्हा सगळीकडे ‘नन’. इथे बरेच जण हात टेकतात. पण ही कमांड त्या क्षणाचा फोटो आहे. चोर रात्री येत असेल तर दुपारी काढलेल्या फोटोत कसा दिसणार? म्हणून नोटपॅडमध्ये पाच ओळींची बॅच फाईल (ओळीने चालणाऱ्या कमांडांची फाईल) केली: एक खुणेची ओळ, वेळ लिहिणं, रिक्वेस्ट्सचं उत्तर लिहिणं, ६० सेकंद थांबणं, आणि परत खुणेकडे जाणं. लिहिण्यासाठी दुहेरी मोठं-चिन्ह वापरायचं, म्हणजे जुनी नोंद न पुसता खाली भर पडते. नोंदीची फाईल डी ड्राइव्हवर, शेअर फोल्डरच्या बाहेर. हीसुद्धा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच चालवायची. अशी बॅच चालू राहिली म्हणून मशीन जागं राहत नाही, ती शंका नको.

सकाळी नोंद उघडली. रात्रभर सिस्टिमच्या मथळ्याखाली तीच ओळ येत-जात होती: ड्रायव्हर, एस-आर-व्ही-नेट, आणि पुढे इंग्रजीत या अर्थाचं वाक्य की दूरच्या कोणा क्लायंटने नुकतीच या मशीनकडे विनंती पाठवली आहे. एसआरव्हीनेट हा फाईल शेअरिंगचा भाग. नेटवर्कवरून कोणी शेअर फोल्डरला हात लावला की तो झोप पुढे ढकलतो. त्याचं वागणं योग्यच आहे, समोरचा फाईल लिहीत असताना मशीन झोपलं तर फाईलच अर्धवट राहील.

पहिला संशय शेडमधल्या लॅपटॉपवर गेला. पण तो रात्री बंद असतो. शिवाय नुसता झेड ड्राइव्ह जोडलेला आहे आणि फाईल उघडी नाही, तर विंडोज असं रिकामं सत्र १५ मिनिटांनी आपणहून तोडतं. मग कोण? रनच्या चौकटीत ‘एफएसएमजीएमटी डॉट एमएससी’ टाकलं की शेअर्ड फोल्डर्सची खिडकी उघडते. त्यात ‘सेशन्स’वर गेलं की कोण जोडलेलं आहे, किती फाइली उघड्या आहेत आणि किती वेळ स्वस्थ आहे, ते दिसतं. ‘ओपन फाइल्स’मध्ये फाइलींची नावं. कमांडनेच बघायचं तर ‘नेट सेशन’. रात्री साडेनऊला तिथे एकच पाहुणा होता, नावाऐवजी नुसता आयपी पत्ता. राऊटरच्या यादीत तो पत्ता शोधला, तर निघाला खळ्यावरचा, म्हणजे अंगणातला, कॅमेरा.

कॅमेरा लावणाऱ्याने वेगळा रेकॉर्डर न घेता हालचाल झाली की तुकडा थेट डेस्कटॉपच्या शेअर फोल्डरमध्ये लिही, असं ठरवून दिलं होतं. चार पैसे वाचले, ते ठीक. पण कॅमेऱ्याच्या चौकटीत वरच्या उजव्या कोपऱ्यात माडाचं चुडत, म्हणजे झावळी, येत होतं. खाडीकडून वारा सुटला की ते हलायचं, कॅमेऱ्याला ‘हालचाल’ दिसायची, तुकडा लिहिला जायचा, मशीनची झोप पुढे. वारा पडला तर कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याभोवतीचे किडे आणि पावसाचे थेंब हेच काम करायचे. दिवसा रेकॉर्डिंग वेळापत्रकातून बंद होतं, म्हणून दिवसा यादी रिकामी.

सोपा उपाय इंटरनेटवर पहिल्या पानावर मिळतो: ‘रिक्वेस्ट्स-ओव्हरराइड’ कमांड देऊन एसआरव्हीनेटची विनंती कायमची कानाआड करायची. चालतो तो उपाय. पण इथे द्यायचा नाही. ओव्हरराइड फक्त कॅमेऱ्याला लागू होत नाही, लॅपटॉपलाही होतो. शेडमध्ये कोणी एक्सेलमध्ये पेट्या नोंदवतोय, ऑफिसात अर्धा तास कोणी फिरकलं नाही, की मशीन झोपणार आणि शेडमधल्या माणसाला नेटवर्कचा रस्ता सापडत नाही असा निरोप येणार. हंगामात हे परवडत नाही. झोप अडवणारा खोटारडा किंवा बिघडलेला असेल तेव्हाच ओव्हरराइड. इथला अडवणारा खरं बोलत होता.

म्हणून पाहुण्यालाच दुसरीकडे पाठवलं. कॅमेऱ्यात ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड टाकलं, सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, आणि फॉरमॅट संगणकात न करता कॅमेऱ्यातच केलं. २ मेगाबिट वेगाने सलग रेकॉर्डिंग धरलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी, म्हणजे कार्डात तीनेक दिवस. फक्त हालचालीवर ठेवलं की बरेच जास्त. मग जुनं पुसून नवं. हालचालीचं क्षेत्र नव्याने आखून चुडताचा कोपरा वगळला. चुडत तोडायचा पर्यायही होता, पण माडावर चढणारा मिळेपर्यंत चौकट आखून होते.

कॅमेऱ्याच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सापडली, जी झोपेशी संबंधित नाही पण सोडून देण्याजोगीही नाही. जुना कॅमेरा जोडला जावा म्हणून ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये एसएमबी १.० ला, म्हणजे फाईल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीला, खूण करून ठेवली होती. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून पसरला आणि त्यानंतर विंडोजने ती मुळात बसवणंच थांबवलं. कॅमेऱ्याचं शेअर फोल्डरमधलं लिहिणं बंद झालं, तशी खूणही काढली.

यादीत दुसरी नावं आली असती तर उपायही दुसरे. ‘ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे’ असं दिसलं तर बहुधा ब्राउझरच्या मागच्या टॅबमध्ये काहीतरी वाजतंय. विंडोज अपडेटचा कामगार दिसला तर त्याला अपडेट पुरं करू द्यावं आणि मशीन ‘रीस्टार्ट’ करावं. ‘शट डाउन’ने काम होत नाही, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा ताजा होतच नाही. प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा प्रोग्राम दिसला तर ड्रायव्हर बदलावा, आणि तरीही ऐकला नाही तर मात्र ओव्हरराइड खुशाल.

झोपलं, पण उठलं

आता मशीन वेळेवर झोपू लागलं आणि दुसरी तक्रार आली: सकाळी बघावं तर चालू. झोप न येणं आणि झोपमोड होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. झोपमोडीसाठी ‘पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक’ शेवटी कोणी उठवलं ते सांगते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि तिथे पॉवर-ट्रबलशूटरची इव्हेंट क्रमांक १ ची नोंद बघितली तर तारीखवार इतिहास मिळतो.

नोंदींमध्ये दोन प्रकार होते. संध्याकाळच्या नोंदींत नाव इथरनेट कार्डाचं. लॅपटॉप चालू झाला की झेड ड्राइव्ह शोधायला नेटवर्कवर हाका मारतो, आणि कार्ड साध्या हाकेलाही उठायच्या तयारीत होतं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर, पॉवर मॅनेजमेंटची टॅब, आणि फक्त ‘मॅजिक पॅकेट’ने (मुद्दाम उठवण्यासाठी पाठवलेल्या खास संदेशाने) उठवण्याच्या पर्यायावर खूण. माऊसची उठवण्याची परवानगी काढली, कीबोर्डची ठेवली. मशीन रात्री मध्येच उठून दोन मिनिटांत पुन्हा झोपलं असं नोंदीत दिसलं तर घाबरू नये. माणसाने न उठवलेल्या मशीनला परत झोपवायला विंडोज मुळात दोनच मिनिटं देतं.

दुसऱ्या प्रकारात उठवणाऱ्याचं नावच नव्हतं. त्याऐवजी कर्नेल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होता वीज गेली. लाईट गेली, इन्व्हर्टर संपला, यूपीएस संपला, पहाटे लाईट आली आणि मशीन आपणहून सुरू झालं. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ला, म्हणजे गेलेली वीज परत आली की काय करायचं त्याला, ‘पॉवर ऑन’ होतं. दुकानात असेंबल करताना बरेच जण तसं ठेवतात. ते ‘पॉवर ऑफ’ केलं.

यातून यूपीएसचा मुद्दा येतो, आणि किनारपट्टीवर तो टाळता येत नाही. साधी झोप म्हणजे सगळं काम रॅममध्ये, आणि रॅमला वीज हवीच. त्यातून काही छोटे यूपीएस दोन-तीन वॅटचा भार ‘काहीच नाही’ समजून बॅटरीवर असताना स्वतःच बंद होतात. म्हणजे झोपलेलं मशीन जागत्या मशीनपेक्षा आधी मरू शकतं. म्हणून ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीपखाली ‘अलाव हायब्रिड स्लीप’ दोन्ही रकान्यांत चालू हवं. मग झोपताना रॅममधल्या कामाची प्रत एसएसडीवरही लिहिली जाते. वीज टिकली तर दोन सेकंदांत जागं, गेली तर थोडा जास्त वेळ लागतो पण काम तिथेच सापडतं. हे गृहीत न धरता तपासलं: सगळ्या फाइली सेव्ह करून एकच रिकामं नोटपॅड उघडं ठेवलं, मशीन झोपवलं, कॅबिनेटचा दिवा लुकलुकू लागल्यावर यूपीएसचं बटण बंद केलं. मिनिटभराने चालू करून पॉवर बटण दाबलं. नोटपॅड होतं तिथेच.

मशीन खरोखर स्वतःहून झोपलं की कोणीतरी रात्री जाताना बटण दाबून गेलं, हेही नोंदीतून कळतं. कर्नेल-पॉवर ४२ या नोंदीत झोपेचं कारण लिहिलेलं असतं. स्टार्ट मेनूतून झोपवलं तर ‘ॲप्लिकेशन एपीआय’, आपसूक झोपलं तर ‘सिस्टिम आयडल’. आधीच्या आठवड्यात ‘सिस्टिम आयडल’ एकदाही नव्हतं. आता रोज रात्री आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत दुपारीही.

राहिली गैरसोय एक. सकाळी शेडमधल्या माणसाला झेड ड्राइव्ह लगेच उघडत नाही. ऑफिसात जाऊन कीबोर्डची एक कळ दाबावी लागते किंवा मोबाईलवरच्या वेक-ऑन-लॅनच्या ॲपमधून मॅजिक पॅकेट पाठवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पेढी उशिरापर्यंत चालते, तेव्हा स्लीपची वेळ एक तास करून ठेवायची आणि आगोट, म्हणजे पावसाची सुरुवात, आली की परत ३० मिनिटं.